सावलीची वाटणी

टेबलावर खेळण्यासाठी स्वतःचे जग रचणारा माणूस बहुधा पहिल्याच पानावर अडतो, कारण जगाचा आरंभ कसा झाला हे ठरल्याशिवाय पुढचे काही ठरवता येणार नाही अशी त्याची समजूत असते. मग तो पोकळी लिहितो, पोकळीतून उठलेले दोन देव लिहितो, एक उजेडाचा आणि एक अंधाराचा, त्यांचे युगानुयुगांचे युद्ध लिहितो, आणि प्रत्यक्ष खेळ सुरू झाला की त्या पानांतले एक अक्षरही कोणाच्या उपयोगी पडत नाही. खेळाडू गावात शिरतात, भाकरीचा भाव विचारतात, पाटलाशी भांडण उकरून काढतात, आणि ते दोन देव वहीतच राहतात. सृष्टिकथाच निरुपयोगी असते असा निष्कर्ष यातून काढणारे पुष्कळ आहेत. मला तो पटत नाही. जग कशापासून झाले हे कळून गावातल्या माणसाच्या जगण्यात काडीचाही फरक पडत नाही, पण ते झाल्यावर कोणाच्या वाट्याला किती आले, आणि तेवढेच का आले, यावर त्याचे सगळे जगणे उभे असते. खेळासाठी लिहायची सृष्टिकथा ही वाटणीची कथा असली पाहिजे, आणि त्या वाटणीचा वाद कथेतल्या माणसांत अजून मिटलेला नसला पाहिजे, असे माझे मत आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेख आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि या प्रकारच्या खेळांना सुरुवात झाली. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर होतो, तो जग मांडतो आणि त्यातल्या बाकी सगळ्या माणसांच्या तोंडून बोलतो. इतर प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. आणि जिथे निकाल काय लागेल हे सांगता येत नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. तयार जगे विकत मिळतात, पण स्वतःचे जग रचून त्यात खेळवण्याची हौस अनेकांना असते, आणि त्याला खेळणारे ‘होमब्रू’ म्हणतात. नागपुरात आमचा असा एक गट आहे. रविवारी संध्याकाळी आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो, उन्हाळ्यात कूलरच्या आवाजावर आवाज चढवून बोलतो, आणि मधल्या सुट्टीत तर्री-पोहे येतात. गेम मास्टर मी असते.

या खेळातल्या सृष्टिकथांपैकी मला सर्वांत टिकाऊ वाटते ती ऑर्क या कल्पित रानटी जमातीची. १९८२ मध्ये रॉजर मूर यांनी या खेळाच्या ‘ड्रॅगन’ मासिकात ती मांडली. आरंभी सगळ्या देवांनी एकत्र बसून आपापल्या लोकांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. एल्फांना अरण्ये आली, ड्वार्फांना डोंगर आले, हाफलिंगांना शेतजमीन आली, माणसांना हवे तिथे राहण्याची मुभा मिळाली. ऑर्कांचा देव ग्रूम्श याच्या वाट्याला यावे असे काहीच उरले नव्हते, आणि बाकीचे देव त्याच्याकडे पाहून हसले. तेव्हा त्याने भाला खुपसून डोंगरांत भेगा पाडल्या आणि माझे लोक इथे राहतील असे बजावले. एवढ्याशा मजकुरात एका जमातीचे घर, तिचा राग, शेजाऱ्यांशी तिचे वैर आणि तिच्या पोरांना झोपताना काय सांगत असतील हे सगळे येते. हे मूर यांना साधले कारण त्यांनी आरंभाची गोष्ट ज्याला काही मिळाले नाही त्याच्या बाजूने सांगितली. पुढे मात्र खेळणाऱ्यांनी कितीतरी वर्षे तिचा उपयोग ऑर्क जन्मतःच दुष्ट का, याचे समर्थन म्हणून केला. हसणाऱ्या देवांना जाब विचारावा, चिठ्ठ्या कोणी लिहिल्या होत्या हे तपासावे, असे फार थोड्या टेबलांना सुचले. वास्तविक एखादे अख्खे कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची सलग कथा, चालवायला तेवढी चौकशी पुरेशी आहे.

प्रत्यक्षातल्या जुन्या कथाही याच दृष्टीने वाचल्या तर वेगळ्या दिसतात. बॅबिलोनच्या सृष्टिकाव्यात मर्दुक हा देव तिआमतला मारतो आणि तिच्या देहाचे दोन भाग करून आकाश आणि पृथ्वी घडवतो. पडद्यावर शोभावे असे हे दृश्य सगळ्यांच्या लक्षात राहते. पण त्याच काव्यात पुढे किंगू नावाच्या पराभूताच्या रक्तापासून माणूस घडवला जातो, आणि तो घडवण्याचे कारण स्पष्ट दिलेले आहे: देवांचे कष्ट त्याने उपसावेत म्हणून. बॅबिलोनच्या नववर्षाच्या उत्सवात हे काव्य म्हटले जाई. कालवे खणणाऱ्या माणसांच्या राज्यात दरवर्षी हे म्हटले जात होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कथेचे वजन कळते. आपल्या खेळाने तिआमतला उचलले आणि पाच डोक्यांची ड्रॅगन केले. नाव आले, डोकी आली, कष्टांचा प्रश्न मागे राहिला.

आपल्याकडे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्तात तर वाटणी उघड आहे. मुख, बाहू, मांड्या, पाय. कोण कोठून झाला हे सांगताना कोणी कोठे राहावे हेही सांगून टाकलेले आहे. या सूक्ताला दिलेले एक फार जुने उत्तर दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या अग्गञ्ञ सुत्तात आहे, आणि जग रचणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असे मला मनापासून वाटते. ब्राह्मण घरांतून संघात आलेल्या वासेट्ठ आणि भारद्वाज या दोघांना त्यांचे जातभाई टोचून बोलतात, आम्ही ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलो आणि तुम्ही ते सोडून खाली गेलात म्हणून. त्यावर बुद्ध त्यांना आरंभाची निराळी गोष्ट सांगतात. तिच्यात निर्माता नाही. स्वतःच्या तेजाने उजळणारे, हवेत विहरणारे जीव आहेत. पाण्यावर पृथ्वीचा रस पसरतो, तापवलेले दूध निवताना त्यावर साय धरावी तसा, आणि एक जण तो चाखून पाहतो. चाखता चाखता देह जड होतात, तेज जाते, रूपाचा गर्व येतो. पुढे कोंडा नसलेला तांदूळ आपोआप उगवू लागतो, सकाळी काढला की संध्याकाळी पुन्हा पिकलेला असतो, तोवर कोणीतरी दोन्ही वेळांचे एकदमच आणून साठवतो, आणि साठवण सुरू झाली की तांदळाला कोंडा येतो, शेतांना बांध पडतात, बांधांमागोमाग चोरी येते आणि चोरीमागोमाग सगळ्यांनी मिळून निवडलेला राजा येतो, महासम्मत. इथे कोणी कोणाच्या पायातून जन्मत नाही. माणसांनी केलेली वाटणी माणसांनीच बिघडवलेली आहे, म्हणून ती माणसांना पुन्हा करता येते.

नागपुरात हे सुत्त केवळ पोथीतले राहत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे धम्मदीक्षा घेतली, आणि आमच्या गटातल्या एका मित्राचे आजी-आजोबा त्या दिवशी त्या मैदानावर होते. जगाची गोष्ट वेगळी सांगितली तर जगण्याची रीत वेगळी होऊ शकते, हे त्याने घरातच पाहिलेले आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ब्रह्म्याच्या मुखापासून वराह-वामनापर्यंतच्या कथा अशाच उलट बाजूने वाचल्या आणि बळीराजाला त्याची जागा परत दिली. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणणाऱ्या बायाबापड्यांना ही दुसरी बाजू फुल्यांच्याही आधीपासून ठाऊक होती. मराठी माणसाला सृष्टिकथा रचायची असेल तर ही परंपरा त्याच्या हाताशी आहे. तिला वळसा घालून परक्या पोकळीतून दोन देव उठवण्याची त्याला गरज नाही.

हाताशी असलेले सगळेच उचलून वापरावे, असे मात्र मी म्हणत नाही. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. तिथल्या गुहेत कोंडल्या गेलेल्या गोंडांच्या पूर्वजांना त्यांचे धर्मगुरू पहांदी पारी कुपार लिंगो यांनी मुक्त केले अशी कोया पुनेम या गोंडांच्या धर्माची श्रद्धा आहे, आणि माघ पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून लोक तिथे येतात. नागपुरात राहिलेल्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून घेतलेली लिंगोची गाथा त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, छापली गेली. या कथेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट गुहेतल्या सुटकेनंतर येते: लिंगो कुळांची रचना लावून देतात, चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे, आणि समान देवसंख्येच्या कुळांत लग्न होत नाही. म्हणजे आजही एखाद्या गोंड घरी मुलीसाठी स्थळ बघताना आरंभीची ती घटना प्रत्यक्ष हजर असते. सृष्टिकथा कशी बांधावी याचा इतका चोख धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही. पण तो धडाच घ्यावा. नावे, गुहा, देव घेऊ नयेत. जे लोक आज त्या चढावर अनवाणी चालतात त्यांच्या देवाला मी माझ्या खेळात आकडे लावून बसवणे मला योग्य वाटत नाही. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा होता, आपण राहतो ते शहरच त्यांचे देणे आहे. देणाऱ्याच्या घरातून आणखी न विचारता उचलू नये.

रिवाजांकडून मात्र मी बिनदिक्कत शिकते. रामटेकच्या गडावर वाकाटक काळातला अखंड दगडाचा प्रचंड वराह आहे. समुद्रात बुडालेली पृथ्वी त्याने वर काढली ही कथा सगळ्यांना माहीत असते, पण गडावर आलेले लोक ती आठवत उभे राहत नाहीत. ते वाकतात, वराहाच्या पोटाखाली शिरतात आणि सरपटत दुसऱ्या बाजूने निघतात. पापी माणूस अडकतो असे सांगतात. लहान मुले सहज निघून जातात, एखादे जाडजूड काका खांदे आवळून, श्वास रोखून, हसू दाबत जातात, आणि बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा खरोखरच सुटका झाल्यासारखा दिसतो. दगड कैक पिढ्यांच्या अंगांनी घासून गुळगुळीत झालेला आहे. सृष्टीच्या आरंभाची घटना इथे दीड हजार वर्षांनंतर एका माणसाच्या पाठीला घासून जाते, आणि त्याला त्यासाठी एक श्लोकही यावा लागत नाही.

मारबतीकडून मी दुसरी गोष्ट शिकले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले प्रचंड पुतळे, निघतात, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक त्यांना गावाबाहेर नेतात. काळी मारबत कोण, असे विचारले तर एक जण पूतना सांगतो आणि दुसरा नागपूरच्या भोसल्यांच्या बाकाबाई राणीचे नाव घेतो. दोघे एकाच मिरवणुकीत खांद्याला खांदा लावून चालतात. कथा दोन असल्या तरी मिरवणूक एकच राहू शकते. हे मला खेळासाठी फार उपयोगी पडले, कारण माझ्या जगातल्या लोकांनी आरंभाबद्दल भांडावे पण एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर भांडावे, असे मला हवे होते.

तर आमचे जग. ते मला उन्हाळ्यातून मिळाले. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. जुलैतला दिवस ढगांत जातो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातला दिसतो, आणि तो नवतपाच्या, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, तोंडावर येतो, पारा ४५ अंशांच्या वर असतो तेव्हा. त्या दुपारी मी गच्चीवर नळजोडणीच्या पाइपचा एक तुकडा उभा करून ठेवला होता. पश्चिमेकडची सावली आखडत आखडत पाइपच्या बुडाशी आली, बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास ती नाहीशी झाली, आणि वरून आत डोकावले तर तळाशी गच्चीचा एक पूर्ण गोल तुकडा उजळलेला होता, कडेला अंधाराची रेघसुद्धा नव्हती. मग पूर्वेच्या बाजूला बारीक काळी कड उमटली. त्या मधल्या वेळात गच्चीवरच्या कशालाच सावली नव्हती. कठड्याला नव्हती, कपडे वाळत घालायच्या खांबांना नव्हती, आणि माझी माझ्या पावलांखाली गेली होती. या गावातल्या माणसाला सावली म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. माझ्या जगातली सर्वांत मोलाची वस्तू कोणती, आणि वाटणी कशाची झाली, हे तिथे ठरले.

कथा अशी आहे. आधी ऊन होते. त्याला उगवणे नव्हते, मावळणे नव्हते, आणि ज्यावर पडावे असे काहीच नसल्यामुळे ते कुठे थांबतही नव्हते. मग आडोशी उठून उभी राहिली. ती त्याआधी बसली होती की निजली होती, आणि उठावेसे तिला का वाटले, हे कोणी सांगत नाही. तिने उन्हाकडे पाठ केली आणि तिची सावली पडली. तेवढ्या सावलीत ऊन थिजून काळा दगड झाला, दगडाची माती झाली, मातीत पाणी मुरले. उन्हात जे जीव नुसते जळत होते त्यांना पहिल्यांदाच थांबायला जागा झाली. आडोशीने हाक मारली, आणि ते आले. सावली मोठी होती, पण सगळ्यांना पुरेल एवढी नव्हती.

आरंभाचा मजकूर एवढाच, आणि त्यापुढे मी मुद्दाम काही लिहिले नाही. नकाशा मात्र त्याला धरून काढला. नागपूर ज्या ठिकाणी वसले आहे तिथे दख्खनचा काळा कातळ संपत येतो. पश्चिमेला काटोल-कळमेश्वरकडे काळी कापसाची माती, पूर्वेला भंडाऱ्याकडे त्याहून कितीतरी जुने खडक, तळी आणि भातशेती. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची कड आपल्या जिल्ह्यातून जाते आणि मातीच्या रंगावरून ती साध्या डोळ्यांनाही दिसते. माझ्या जगात काळा दगड म्हणजे आडोशीची सावली, आणि तो जिथे संपतो तिथे सावलीची हद्द संपते. पायाशी शहर आहे, श्रीमंत, कापूस पिकवणारे. हद्दीवर आणि हद्दीपलीकडे काठचे लोक आहेत, अर्धे सावलीत आणि अर्धे उन्हात. खेळाडूंनी कोणत्याही गावात पाऊल ठेवले की पायाखालच्या मातीचा रंग मी आधी सांगते. आरंभीच्या वाटणीत त्या गावाला काय मिळाले, हे त्यातून आपोआप कळते.

सावली निवडताना एका गोष्टीचा विचार मी टाळू शकत नव्हते. सावलीचाही विटाळ मानणारी व्यवस्था या भूमीने शतकानुशतके चालवलेली आहे, आणि माझ्या टेबलावर ज्यांच्या पणजोबांनी तो विटाळ सोसला असे लोक बसतात. म्हणून मी आडोशीच्या जगातला पहिला रिवाज त्याच्या नेमका उलट ठेवला. इथे एकाची सावली दुसऱ्यावर पडणे हे देणे आहे. आपण उन्हाच्या बाजूला उभे राहायचे आणि समोरच्याला आपल्या सावलीत घ्यायचे, म्हणजे जे आडोशीने केले तेच करायचे. त्या दिवसापुरता तो माणूस आपला पाहुणा, आणि त्याला कोणी हात लावू शकत नाही. शपथा अशाच घेतल्या जातात. मध्यान्हीला सावली आखडते म्हणून मध्यान्हीची शपथ कच्ची मानतात. आणि वर्षातल्या त्या बिनसावलीच्या दिवशी शहरातले सगळे दरवाजे बंद असतात, कारण त्या दिवशी कोणीच कोणाचे काही लागत नाही.

हे सगळे मी आमच्या गटासमोर मांडले, आणि शहराची कथाही सांगितली: आडोशीने एकेकाला नावाने हाक मारली, थोरल्यांना पायाशी जागा दिली, जे उशिरा आले ते काठावर राहिले. ज्याचे आजी-आजोबा दीक्षेच्या दिवशी मैदानावर होते असे मी वर म्हटले, तो मित्र काठच्या बाईचे पात्र घेणार होता. तो बराच वेळ कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, पेन्सिल टेकवून बसला आणि मग म्हणाला, “ताई, आमचे लोक उशिरा काहून आले, हे कोणी विचारलं का?” मी म्हटले, अजून कोणी विचारलेले नाही, तूच सांग. त्याने तिथेच सांगितले. हाक एकच होती आणि ती सगळ्यांना होती. जे मोकळ्या हातांनी धावले ते आधी पोचले आणि लांब पसरून निजले. आमचे पूर्वज म्हाताऱ्यांना आणि पोरांना खांद्यावर घेऊन चालले होते, म्हणून मागे पडले. “अन् त्या पोरांतली अर्धी पायथ्याच्या लोकांची होती,” तो म्हणाला, “धावताना टाकून दिलेली.”

त्या एका वाक्याने माझे जग उभे राहिले असे मी मानते. शहरातला प्रत्येक उच्च कुळातला माणूस आता काठच्या कोणाच्या तरी खांद्यावरून आलेला असू शकतो, आणि कोणता, हे कोणालाच ठाऊक नाही. काठच्या लोकांत बिनसावलीच्या दिवशी दार लावत नाहीत, हेही त्यानेच ठरवले. त्या दिवशी आडोशी थकून खाली बसते, असे ते मानतात, आणि तिला सावली द्यावी म्हणून लांबच लांब पांढरे कापड डोक्यांवर धरून सगळे गाव हद्दीपासून शहराच्या वेशीपर्यंत चालत जाते. शहर तीच मिरवणूक बंद खिडक्यांच्या फटींतून बघते आणि तिला आडोशीची प्रेतयात्रा समजते.

तिसरी बाजू आणखी एका मैत्रिणीने आणली. तिला आडोशीची भक्त व्हायचे नव्हते आणि नास्तिक म्हणून नुसते भांडायचेही नव्हते. मज्झिमनिकाय या पाली ग्रंथात बुद्धांनी मालुंक्यपुत्त या भिक्खूला दिलेला बाणाचा दृष्टान्त आहे: बाण लागलेला माणूस, तो कोणी मारला, कोणत्या जातीच्या माणसाने मारला, धनुष्य कसले होते हे कळेपर्यंत बाण काढू देत नाही, आणि तेवढ्यात मरतो. तिने त्यावरून वैद्यांचा एक मठ रचला. कोण उभे राहिले, हे ते विचारत नाहीत. कोणाला ऊन लागले आहे, हे विचारतात, आणि उन्हात कापडी मांडव टाकत फिरतात.

आता खरा कठीण भाग येतो, आणि त्याबद्दल गेम मास्टर मंडळींत फारसे बोलले जात नाही. या खेळात देव खरे असतात. पुजाऱ्याने प्रार्थना केली तर जखम भरते. मग कोणीही उठून देवालाच विचारेल, तिन्हींतली कोणती कथा खरी, आणि वाद एका संध्याकाळीत मिटेल. काही जगांनी यावर उत्तम मार्ग काढलेले आहेत. ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९६६ पासून रचत आणलेल्या ग्लोरान्था या जगात पात्रे देवांच्या कथांत प्रत्यक्ष शिरून त्या पुन्हा जगतात, आणि प्रत्येक जमात आपापल्या कथेत शिरते. मी माझ्यापुरता साधा नियम केला. जखम तिघांच्याही हातून भरते, शहरातल्या पुजारणीच्या, काठच्या बाईच्या आणि मठातल्या न मानणारीच्याही. आडोशी उभी आहे, क्षितिजावर कुठूनही दिसते, पण तिच्याकडे पाहायचे तर मागच्या उन्हाने डोळे दिपतात, आणि ती बोलत नाही. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा कवी सगळे प्रश्न विचारून शेवटी म्हणतो की परम आकाशात बसून जो हे पाहतो त्यालाच ते ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. त्या ‘किंवा’साठी मी जागा राखली आहे. आपण का उठलो हे आडोशीलाही माहीत नसण्याची शक्यता मी कधीच बंद करणार नाही.

शपथेचा नियम फाशांत असा उतरवला: सावलीत दिलेला शब्द जो मोडेल त्याने त्या दिवसाचा प्रत्येक फासा दोनदा टाकायचा आणि कमी आकडा धरायचा. हा नियम देवीच्या कोपामुळे लागू होत नाही, ज्याने शब्द दिला त्याचा त्यावर विश्वास असेल तरच लागू होतो. हा फरक किरकोळ वाटेल, पण त्यामुळे मेरखेडच्या निवाड्याचा प्रसंग घडू शकला. मेरखेड हे हद्दीवरचे गाव, निम्मे काळ्या मातीत. शहरातल्या एका सावकाराने काठच्या बायकांना रात्री दिव्याच्या सावलीत विहिरीच्या पाण्याचा शब्द दिला होता आणि सकाळी तो नाकारला, दिव्याच्या सावलीला सावली म्हणत नाहीत असे सांगून. निवाडा करायचा होता शहराच्या पुजारणीने, आणि ते पात्र आमच्यातल्या सर्वांत मितभाषी मुलीचे आहे. धर्मग्रंथ सावकाराच्या बाजूने होता, तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. मग तिने विचारले की आत्ता किती वाजले असतील. मी म्हटले, दिवस कलला आहे, सावल्या लांब पडल्या आहेत. ती खुर्चीतून उठली, पात्र म्हणूनही आणि खरोखरही, टेबलाला वळसा घालून त्या मित्राच्या मागे, खिडकीच्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात तिची सावली त्याच्या कॅरेक्टर शीटवर पडली. “मी निवाडा देत नाही,” ती म्हणाली, “ही माझी पाहुणी आहे, आणि पाहुणीला पाणी लागतं.” सावकाराच्या माणसांना सूर्यास्तापर्यंत विहिरीजवळ फिरकता आले नाही. सूर्यास्तानंतर काय, हा प्रश्न होताच. तोवर बायकांनी गावातले सगळे हंडे भरून घेतले होते.

मेरखेडनंतर खेळाडूंनी ठरवले की आडोशीच्या पायाशी जायचे. तिथे शहराचे सर्वांत जुने देऊळ आहे आणि देवळाच्या गाभाऱ्यात, काळ्या दगडावर, पहिले लोक जिथे निजले त्या जागांचे ठसे आहेत. पुजारी ते ठसे आडोशीने नेमून दिलेल्या जागा म्हणून दाखवतात. काठच्या बाईला त्यात हातपाय पसरून इतरांची जागा अडवणारी माणसे दिसतील. मठातली वैद्य ठशांची खोली बघेल आणि ती माणसे जिवंत होती का, हे विचारेल. तिघींना एकच दगड दिसला पाहिजे आणि तिघींचेही म्हणणे त्याने फेटाळले जाऊ नये, यासाठी मी त्या गाभाऱ्याचा आराखडा पुन्हा पुन्हा काढते आहे. काठच्या बाईने निघण्यापूर्वी मेरखेडच्या बाजारात सुताराची मोजपट्टी विकत घेतली, तेव्हा पुढच्या रविवारच्या आत त्या प्रत्येक ठशाची लांबी आणि दोन ठशांमधले अंतर मला लिहून ठेवावे लागणार आहे.